चौथ्या मजल्याखालचा आवाज

त्या दुपारी मी चष्मे पुसत बसलो होतो. दुसरं काम मला उरलंच नव्हतं. सव्वीस वर्षं आमच्या वाघरोळच्या वावेत माणसं घेऊन मी उतरलो नि चढलो. सात मजली पायऱ्यांची ती विहीर, गुडघे तिथंच गेले. सांगायची गोष्ट एकच. विहिरीला पाणी लागेना, तेव्हा नगरशेठची धाकटी सून जीवी नटूनथटून, हसत हसत बळी जायला पायऱ्या उतरली आणि पाणी वर आलं. लोक हात जोडायचे. मला मात्र शेवटी शेवटी आपलेच शब्द बाजरीच्या शिळ्या रोटल्यासारखे लागायचे.

मग हे चष्मे आले. डोळ्यांवर चढवले की कोरड्या वावेत पाणी दिसतं, ढोल वाजतात, जीवी उतरताना दिसते. कानात आवाज माझाच, हिरजी बारोटचा; अहमदाबादच्या स्टुडिओत दोन दिवस बसवून भरून घेतलेला. आता आपण चष्मा द्यायचा, परत घ्यायचा, पुसायचा.

भावनगरच्या निवृत्त शिक्षिका शर्मिष्ठाबेन वर आल्या. एकट्याच होत्या. चष्मा परत देताना त्यांची बोटं हाताला लागली, ती गार होती.

“हिरजीभाई, मी शाळेची मुलं घेऊन यायची, तेव्हा तुम्ही वेगळं सांगायचा.”

“तेच आहे, बेन. शब्दन् शब्द.”

“नाही. तेव्हा ती हसत उतरायची. आता तुम्ही म्हणता, तिचे पाय बांधले होते... सैलसर. पायरी उतरता येईल इतकेच.” त्या जरा थांबल्या. “असलं कशाला सांगायचं हो? पोरंबाळं येतात इथं.”

चष्म्यांची देखभाल करणारा पिनाकिन हे ऐकून खो खो हसला. “काका, स्टुडिओत दोन घोट मारून बसला होतात की काय?” तरी त्यानं तपासलं. “अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, सगळं ऐकलं. पायाबियांचं काही नाही. बेनना ऊन लागलंय.”

मी स्वतः कधी चष्मा लावला नव्हता. आपलंच बोलणं आपण कशाला ऐकायचं? पण त्या दिवशी लावला आणि उतरलो. चार वाजले असतील. वर लख्ख ऊन होतं.

तीन मजले सगळं ठीक होतं. ढोल, झेंडूच्या माळा, पुढं जीवीची लाल ओढणी. चौथ्या मजल्यावर ऊन मागं राहिलं. ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा वास आला. ढोल थांबले. कानातला माझा आवाज खाली उतरला, घोगरा झाला. दिवसाची सातवी फेरी संपवताना माझा व्हायचा तसा.

“ती हसत नव्हती... दर पायरीला मागं बघत होती. कुणीतरी थांब म्हणेल, असं तिला वाटत होतं...”

जीवी उभी राहिली. माझ्याकडे पाठ होती.

“तिनं थांबू नये म्हणून मागून एक जण गात होता... गोड गळ्याचा... लोक त्याला मानायचे. त्याचं नाव...”

मी चष्मा ओढून काढला. खाली कोरडा दगड, पाचोळा. कुणी नाही. पण आवाज थांबला नाही. मी कान झाकले, तरी थांबेना. मग उमगलं, ओठ माझे हलत होते. दोन्ही हात तोंडावर दाबले, तेव्हा तो बंद झाला.

पायऱ्या कशा चढलो, ठाऊक नाही. एकदाही मागं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी काम सोडलं. पिनाकिननं कारण विचारलं. गुडघे, म्हणालो.

त्यांनी नवा आवाज घेतला. ऋत्वा म्हणून अहमदाबादची नाटकातली मुलगी. गोष्ट नीट समजून घ्यायला दोनदा घरी येऊन गेली होती. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

“काका, वाचताना माझ्या तोंडून एक नाव गेलं. कागदावर नव्हतं. मुळू बारोट. तुमच्यातले कुणी?”

आमच्या घरच्या वंशावळीच्या वहीत सगळ्यात वरचं नाव ते. त्याच्या गळ्यानं आम्हाला ही जमीन मिळाली, एवढंच वडील सांगायचे. कशासाठी गायला होता, ते आम्ही कधी विचारलं नाही.

“ठाऊक नाही, बेटा.”

“अरेच्चा! मग चुकलंच माझं. परवा स्टुडिओबाहेर एक बाई उभी होती. मुळू बारोटांच्या घरचं कुणी आहे का, म्हणून विचारत होती. मी तुमचा पत्ता दिला... चालेल ना?”

“कशी... कशी येणार म्हणाली?”

“तेच तर! बसला पैसे देत होते, तर नको म्हणाली. चालत जाईन म्हणाली. पण काका, फार हळू चालत होती हो. इवली इवली पावलं टाकत...”

अहमदाबाद इथून एकशेवीस किलोमीटर आहे. ती निघाल्याला आज नववा दिवस.