पाखरांचं निळं किटेंगे

दवाखान्याच्या फाटकात अपोलीन आणि रिझिकी अवचित समोरासमोर आल्या, आणि अपोलीनच्या अंगाचा तिळपापड झाला. रिझिकीच्या कमरेला निळं किटेंगे होतं — पाखरांच्या नक्षीचं! परवाच दवाखान्याच्या कोठारात त्याच कापडावरून हात फिरवत अपोलीन देओला म्हणाली होती, "काय गोड आहे रे!" तेव्हा तो कसा हसला होता... आणि बुकावू शहरात एखादा तरुण मुलीला किटेंगे देतो, ते काय उगाच?

आता खरं सांगायचं तर देओचं कामच ते. लढाईतून जीव मुठीत धरून पळालेल्या बायका इथे यायच्या; रिझिकीही त्यांतलीच. नर्स अपोलीन त्यांच्या जखमा बघायची, आणि देओ त्यांना साबण, बादली, नेसायला कापड द्यायचा. पण हे मत्सराला कोण सांगणार?

ती तडक कोठारात शिरली.

"साऱ्या बुकावूला किटेंगे वाटतोस, आणि मला चिंधीसुद्धा नाही!"

"तू काय रांगेत होतीस?"

"विषय बदलू नकोस. पाखरांचं तिलाच का? देखणी आहे म्हणून?"

देओचं हसू मावळलं. "ते मी पोत्यामागे लपवलं होतं... तुझ्यासाठी. बदल्यात बाजारातून दुसरं आणून ठेवणार होतो."

"मग?"

"रिझिकी आली. समोरची सगळी कापडं दाखवली, ती नुसती नकाराची मान हलवत राहिली. मग तिला पोत्यामागून डोकावणारा त्या कापडाचा कोपरा दिसला, आणि म्हणाली — ते निळं."

"म्हणाली? रिझिकी?"

अपोलीन मटकन पालथ्या बादलीवर बसली. आल्यापासून त्या बाईने तोंडातून ब्र काढला नव्हता. अपोलीन रोज तिच्या खाटेशी बसायची, हात हातात घ्यायची.

"इतके दिवस मी जिवाचं रान केलं, आणि पहिला शब्द बोलली तो तुझ्याशी!" अपोलीनला हसूही आलं, रडूही.

"इतक्या दिवसांनी तिने काहीतरी मागितलं, अपोलीन. मी नाही कसं म्हणू?"

"छान केलंस." तिने डोळे पुसले. "पण माझा जळफळाट काही थांबत नाही, सांगून ठेवते. मला तू हवा आहेस... माझ्या एकटीचा."

देओ लाजून चूर झाला. "मग मी काय करू?"

"रविवारी चर्च सुटलं की तुझ्या आत्याला घेऊन आमच्या घरी ये. बाबांना विचार."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"त्यांना विचारायचं ते रीत म्हणून रे," अपोलीन म्हणाली. "हो तर मी म्हटलंय."