तवंदीच्या घाटातली गिनती

"'प्रत्येक शिपायाला जनरलसाहेब नावानिशी ओळखत. त्यांच्या नेतृत्वाचं सारं रहस्य यातच होतं.'" चिंतामणीनं कंदिलाच्या उजेडात एवढं वाचलं आणि भारावून मान वर केली. "ऐकलंत, आप्पा? हजारो माणसं हाताखाली, आणि प्रत्येकाचं नाव पाठ!"

नागोजी आप्पांनी शेकोटीतलं अर्धवट जळकं लाकूड आत सारलं. आप्पा पलटणीतून नाईक होऊन पेन्शनीत निघालेले. निपाणीत पद्मजा आणि चिंतामणी यांच्या घराला लागूनच त्यांचं घर, आणि थंडीच्या दिवसांत रात्रीची जेवणं झाली की दोघं भावंडं त्यांच्या अंगणात येऊन बसायची.

"स्वराज्य येऊन चार महिने झाले," पद्मजा म्हणाली, "आणि आमचे बंधुराज अजून गोऱ्या जनरलची आरती ओवाळतायत." ती बेळगावला बी. ए.च्या वर्गात होती आणि सुट्टीला घरी आली होती. "कुठला रे हा तुझा देव?"

"जनरल मॅकेंडल. इटलीत नदी ओलांडून विजय मिळवला तो. तुला काय कळतंय त्यातलं?"

"आप्पांना कळतंय ना? मग ते का गप्प? जुन्या माणसांचं हे मला मुळीच पटत नाही. सगळं ठाऊक असतं आणि तोंडात मिठाची गुळणी."

आप्पांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"मीट रं ते पुस्तक," ते चिंतामणीला म्हणाले. "त्यात न्हाय ते सांगतो. माझा साडू भरमू, खानापुराकडचा. बारा वर्षं ह्याच साहेबाचा अर्दली होता. मोटारबी त्योच चालवायचा. साहेबाला नावं ठाऊक नव्हती. नावं भरमूला ठाऊक होती."

"म्हणजे?"

"साहेब रांगेसमोरनं चालायचा. भरमू अर्धं पाऊल मागं. समोर शिपाई आला की भरमू हळूच पुटपुटायचा, 'आण्णाप्पा, सदलगा.' की साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, 'क्यूं आण्णाप्पा, सदलगे में सब ठीक?' त्या माणसाला मग सांगा, जा, मर. हसत जायचा."

पद्मजा मोठ्यानं हसली. चिंतामणी नाही हसला.

आप्पांनी घोंगडं अंगाभोवती लपेटलं आणि भरमूनं त्यांना जे सांगितलं होतं, ते सांगायला घेतलं.

मागच्या वर्षीची गोष्ट. कार्तिकातली अवस, शनिवार, नोव्हेंबरची तेवीस तारीख. भरमूचं त्या दिवशीचं काम साधंच होतं. दुपारी बेळगावच्या कँपातून साहेबाला मोटारीनं निपाणीला आणायचं. तिथं लढाईत पडलेल्यांच्या नावांचा दगड बसवला होता, त्यावरचा पडदा साहेबाच्या हातून उघडायचा. पेन्शनरांना भेटवायचं, चहा व्हायचा, आणि रात्रीच्या जेवणाला साहेबाला परत कँपात पोचवायचं. पुढच्या आठवड्यात साहेब बोटीनं कायमचा विलायतेला जाणार होता.

म्हणूनच भरमूनं आईला शब्द दिला होता, की आज विचारतोच.

विचारायचं होतं ते एकेचाळीस जणांबद्दल. इटलीत, थंडीच्या ऐन कडाक्यात, साहेबानं एकेचाळीस जवान रात्री नदीपलीकडं उतरवले. जाताना प्रत्येकाला नावानं हाक मारली. नावं पुरवायला भरमू होताच. 'पहाटे होड्या येतील,' असं साहेब म्हणाला. होड्या आल्या नाहीत. त्या येणारच नव्हत्या. सारी फौज तीन कोस वर नदी ओलांडत होती आणि हे एकेचाळीस जण शत्रूला गुंतवण्यापुरते होते. भरमू तेव्हा तंबूत कंदील धरून उभा होता. होड्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं, त्यावर साहेब जे म्हणाला ते त्यानं आपल्या कानांनी ऐकलं. "होडी नहीं जाएगी."

दिवसभर पलीकडून गोळीबार ऐकू येत होता. संध्याकाळी थांबला.

साहेबाचं नाव झालं. पण होड्यांचा सवाल वर गेला असता तर त्या नावाला डाग लागला असता. म्हणून कागदावर आलं, की ते एकेचाळीस जण चौकी सोडून पळाले. तसे लखोटे घरोघरी गेले. त्या एकेचाळिसांत भरमूचा धाकटा भाऊ होता, ज्योतिबा.

"आणि तुमचा साडू गप्प बसला?" पद्मजा उसळली. "सख्ख्या भावाला पळपुटा म्हणतायत आणि हा मोटार पुसतोय?"

"व्हय."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. भ्यालता गं. आनी काय सांगू? साहेबासमोर तोंड उघडायचं म्हंजे काय, ते तुला न्हाय कळायचं."

"मला कळायला नकोच आहे!"

"बरं झालं," आप्पा म्हणाले, आणि ते उपहासानं म्हणाले नव्हते. "ऐक आता."

पाच वाजता पडदा सरकला. पेन्शनर रांगेत उभे राहिले. भरमू पुटपुटत होता, साहेब हाका मारत होता आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. एवढ्यात रांग मोडून एक म्हातारी पुढं आली. भरमूची आई, मालुबाई. खानापुराकडून सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं ती एकटीच आली होती.

"सायबा, माझ्या ज्योतिबाचं नाव न्हाय दगडावर. माझं पोरगं पळणारं न्हवं. ती सून माझी… कुंकू लावू का पुसू म्हनून रोज इचारती. काय सांगू तिला?"

साहेबानं मान किंचित मागं कलती केली. नेहमीसारखी. नाव ऐकायला.

"कौन ज्योतिबा, भरमू?"

भरमूच्या कानांत शिट्टी वाजल्यासारखं झालं. नदीकाठी ह्याच साहेबानं ज्योतिबाच्या गालावर थोपटलं होतं. त्याला आठवतही नव्हतं.

आणि भरमूनं काय करावं? त्यानं आईचा दंड धरला आणि म्हणाला, "बाजूला हो, आई."

म्हातारीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. दंड सोडवून घेतला आणि निघून गेली.

पावणेआठाला मोटार निपाणीतून निघाली. पुढं भरमू, मागं साहेब. गाव मागं पडलं. तवंदीचा घाट लागला. अवसेचा काळोख असा, की दिव्यांच्या उजेडाबाहेर रस्ता आहे की दरी हे कळत नव्हतं.

भरमूनं हिंमत केली. आयुष्यात पहिल्यांदा.

"साब, वो एकेचाळीस जवान… वो भागे नहीं थे. मैं तंबू में था. जाने से पहले कागज दुरुस्त करो, साब."

मागं काडी ओढल्याचा आवाज झाला. चिरुटाचा वास आला.

"कागज बंद हो गया, भरमू. रस्ता देखो."

भरमू रस्ता बघू लागला.

दुसऱ्या वळणावर मोटार थांबली. त्यानं थांबवली नव्हती. इंजीन बंद पडलं. दिवे विझले नाहीत, पण पिवळे पडत गेले… वात कमी केल्यासारखे.

त्या उजेडात रस्त्यावर माणसं उभी होती.

तीन रांगा. ताठ. अंगात लांब गरम कोट. कोटांतून पाणी ठिबकत होतं. टप… टप… घाटात दुसरा आवाज नव्हता. रातकिडे नव्हते. वारा नव्हता.

"पेन्शनर?" साहेब मागून म्हणाला. आवाजात कंटाळा होता. त्यानं टोपी घातली आणि काच खाली केली. "अच्छा. बहुत अच्छा. नाम बोलो, भरमू."

भरमू बोलला नाही.

पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा, ज्योतिबा होता.

त्याच्या मिशा अजून नीट फुटल्या नव्हत्या. ओठ निळे. डोळे भरमूवर नव्हते, मागच्या काचेवर होते. साऱ्यांचेच डोळे तिथं होते.

"भरमू. नाम."

भरमूचे दोन्ही हात चाकावर. बारा वर्षं ज्या ओठांतून नावं आपोआप सुटत होती, ते ओठ त्यानं दातांखाली धरले.

साहेबानं स्वतःच हाक मारून पाहिली. "क्यूं… क्यूं, जवान… गांव में सब ठीक?"

रांगा एक पाऊल पुढं आल्या.

बूट एकदमच आपटले. एकच आवाज झाला.

"नाम बोलो! हुकूम है! भरमू… पहला कौन है? एक बोलो. एकही…"

टप… टप…

आणखी एक पाऊल.

साहेबाचा हात मागून भरमूच्या खांद्यावर आला. तोच हात. हजारोंच्या खांद्यांवर पडलेला.

"भरमू, प्लीज…"

भरमूनं तो हात खांद्यावरून उचलला. बाजूला ठेवला. दार उघडलं. खाली उतरला.

भीती वाटली नाही, असं तो सांगतो. लाज तेवढी वाटली. रांगांसमोर जाऊन त्यानं टाचा जुळवल्या आणि हजेरीची गिनती सुरू केली. पलटणीत रोज संध्याकाळी होते तशी. कागद नाही, काही नाही. सगळी नावं डोक्यात.

"आण्णाप्पा, सदलगा!"

"हाजिर!"

"परशराम, नंदगड!"

"हाजिर!"

आवाज पाण्याखालून आल्यासारखा. पण खणखणीत.

"ज्योतिबा…" त्यानं पुन्हा म्हटलं. "ज्योतिबा!"

"हाजिर, दादा."

एकेक करत एकेचाळीस नावं झाली. एकेचाळीस ओ आल्या. आता हे जातील, असं भरमूला वाटलं. ते गेले नाहीत. तेव्हा त्याला दिसलं. तीन रांगा, चौदा-चौदांच्या. तिसऱ्या रांगेच्या टोकाला एका माणसाची जागा रिकामी होती. ती त्यांनी मुद्दाम सोडली होती.

एकेचाळीस तोंडं आता भरमूकडं वळली होती. वाट बघत होती.

आप्पा थांबले. शेकोटीत काहीतरी तडकलं. चिंतामणीनं पाय वर घेतले.

"गिनतीला नाव पुकारलं," आप्पा हळू म्हणाले, "की मानूस तापानं फणफणला असला तरी ओ द्यावीच लागती. सुटका न्हाय. हे भरमूला ठाऊक. साहेबालाबी ठाऊक."

मोटारीतून आवाज आला. "नो… भरमू, नहीं. नहीं, भरमू…"

भरमूला दगडासमोरची आई आठवली. छाती भरून श्वास घेतला.

"जनरल मॅकेंडल!"

काहीच नाही.

मग…

तिसऱ्या रांगेच्या टोकाकडून…

"हाजिर."

साहेबाचाच आवाज.

दिवे भक्कन मोठे झाले. रस्ता रिकामा. रातकिडे ओरडत होते. साहेब मागच्या गादीवर बसलेला होता, टोपी घातलेली, काच उतरवलेली. जीव गेलेला.

भरमूनं मोटार तिथूनच वळवून निपाणीच्या पोलीस चौकीवर नेली आणि रात्री तो आप्पांच्या घरी आला. कँपातल्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, काळीज बंद पडलं. वर्तमानपत्रांत मोठमोठे लेख आले. भरमूनं चाकरी सोडली आणि दोन महिने तो गावोगाव पायी हिंडला. एकेचाळीस घरं. दारात उभा राहून एवढंच सांगायचा, "तुमचा मानूस पळाला न्हाय. गिनतीला हजर हाय. मी ऐकलंय." काही घरांत त्याला पाणी मिळालं, काही ठिकाणी शिव्या. सगळ्यात शेवटी तो आपल्या घरी गेला. आईनं ऐकून घेतलं. सुनेला हाक मारली. त्या दिवशी तिनं कुंकू पुसलं आणि दोघी पोटभर रडल्या. आई मात्र भरमूशी अजून बोलत नाही.

"बरोबर आहे तिचं," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता, म्हणून तिनं तो मुद्दाम चढवला. "आणि हे सगळं आम्ही भरमूच्या शब्दावर मानायचं? त्यानंच साहेबाचा गळा दाबला असेल. दाबला असेल तर चांगलंच केलं म्हणते मी! मग भुतांच्या मागं कशाला लपायचं?"

"मीबी त्या राती हेच म्हनलं त्याला."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी, रविवारी, तांबडं फुटायच्या आत मला घेऊन घाटात गेला. रस्त्यावर अजून गाडी फिरली नव्हती. फुफाटा इतका." आप्पांनी बोटाची दोन पेरं दाखवली. "त्यात बुटांचे ठसे. तीन रांगा. नालाचे, खिळ्यांचे बूट. टाचेला टाच. मी बसून मोजले. एकेचाळीस जोड्या. येतानाचे ठसे न्हाईत, जातानाचे न्हाईत. उभे ऱ्हायलेले तेवढेच."

"आणि रिकामी जागा?" चिंतामणीनं विचारलं.

आप्पांनी त्याच्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं नाही. ते काळोखात बघत होते.

"रिकामी नव्हती. तितं गुळगुळीत तळव्याचा बूट होता. एकच जोडी. साहेब तर मोटारीतनं उतरलाच नव्हता… बाकीचे ठसे कसे, नुसते वरचेवर. त्याच्या टाचा तेवढ्या ईतभर खोल रुतलेल्या. दोन्ही बाजूंनी धरून ठेवल्यावर मानूस मागं वढतो न्हवं… तशा."