बारा मीटर उंचीचा किनारा

शाल्मलीचा मापूवर काडीचा विश्वास नव्हता. मापू म्हणजे बेटांचे नकाशे काढणारा उडता यंत्रमानव. त्याच्याच नकाशाच्या भरवशावर तिची वनस्पतिशास्त्रज्ञ आई समोरच्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर तंबू ठोकून बसली होती आणि संध्याकाळी उधाणाची (अमावास्येची मोठी) भरती येणार होती.

"अप्पा, हा नकाशा थापा मारतोय," ती आजोबांना म्हणाली.

अप्पांची सगळी हयात नकाशे करण्यात गेलेली. नातीचा संशय ते हसण्यावारी नेत नसत. त्यांनी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेघा) दाखवल्या. रेघा दाटीवाटीने आल्या की चढ उभा, विरळ असल्या की सपाटी. तिला ते पाठ होतं आणि नेमकं तिथेच पाणी मुरत होतं. पूर्व किनाऱ्यावर रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे बारा मीटरचा सरळ कडा. मग आईने होडी ओढत थेट तंबूपर्यंत नेल्याचं बिनतारी संचावर सांगितलं होतं, ते कसं?

मापू तोऱ्यात म्हणाला, की तो वरून प्रकाश सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतो. अप्पांनी गणित तपासलं. ते चोख होतं. शाल्मलीला हे जरा जास्तच गुळगुळीत वाटलं.

"आपटून म्हणजे कशावर आपटून?"

मापूने जुन्या नोंदी पडद्यावर काढल्या. आजवर त्याने फक्त सडे (झाडं नसलेली कातळाची पठारं) मोजले होते. तिथे प्रकाश थेट खडकावर पडायचा. इथे होतं कांदळवन (खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल). या शहाण्याने झाडांचे शेंडे मोजून जमीन म्हणून मांडले होते!

अप्पा म्हणाले, थोडा प्रकाश पानांच्या फटींतून खाली जातो, मातीवर आपटतो आणि सगळ्यात उशिरा परततो. मापूने फक्त तो उशिरा आलेला प्रकाश धरला. पडद्यावर रेघा सरकल्या, कडा नाहीसा झाला आणि भरतीची रेघ तंबूच्या पार मागे, बेटाच्या आत गेली.  शाल्मलीने बिनतारी संच उचलला.

"आई, सामान राहू दे. पश्चिमेच्या टेकडीवर चढ. ती खडकाचीच आहे, नव्या नकाशातही तिची उंची तेवढीच राहिली, मी आत्ता बघितलंय."

अंधार पडता पडता टेकडीवरून आईचा आवाज आला. चूल मांडली होती तिथे आता कमरेइतकं पाणी होतं. शाल्मलीला रडू फुटलं. अप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

शेजारच्या जंगली बेटांचे नकाशेही तपासशील का, असं मापूने हळूच विचारलं. तिने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"आधी दाखव. खरे की खोटे ते मग ठरवू."