तुलसाला सांगितलेला शब्द

गोंदियात रेलटोलीला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दहा बाय बारा, त्यातली अर्धी जागा बंद पडलेल्या मॉनिटरांनी खाल्लेली. लोक कॉम्प्युटर घेऊन येतात आणि सोबत आपले पासवर्डही घेऊन येतात, न विचारता. सराफ, बियाणेवाले, कापडवाले, सगळे काउंटरवरूनच मोठ्यानं ओरडतात, "मॅडम, लिख लो, पोरीचं नाव और एक दो तीन!" मी म्हणते, अहो, मला सांगू नका. ते हसतात. "तुमच्यापासून काय लपवाचं बाप्पा?" हे ऐकलं की माझं टाळकं सरकतं. माझा स्वभाव आधीच तिखट. आई म्हणायची, हर्षिता, तुझ्या तोंडाला लगाम नाही. नाहीच आहे. पण दुसऱ्यानं विश्वासानं सांगितलेलं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

२०११च्या डिसेंबरात कोहमाऱ्याहून योगराजभाऊंचा फोन आला. हायवेच्या चौकात त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, चार ट्रक, गिरण्यांचा तांदूळ रायपूर-नागपूरला पोचवायचा धंदा. आवाज बसलेला होता.

"ताई, माह्या नावानं कोणीतरी दुसराच मेल करून राहिला. तुम्ही येऊन पाहा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. ऑफिस म्हणजे ढाब्याला लागून पत्र्याची खोली. आत कॉम्प्युटर, त्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर हळदीकुंकू. बाहेर टायर जळाल्याचा वास, फोडणीचा वास आणि डिझेल. योगराजभाऊंची आई तुलसाबाई चहा घेऊन आली. दारात खाटेवर त्यांचे वडील उदेलालबाबा ऊन खात बसले होते.

झालं होतं ते असं. आमगाव रोडवरच्या नंदलालशेठच्या राइस मिलचा माल भाऊ उचलत. माल तयार झाला की शेठ मेल करत, भाऊ उलट मेलनं गाडीचा नंबर कळवत. महिन्याभरापूर्वी भाऊंच्याच मेलवरून शेठला निरोप गेला, गाडी बदलली आहे, हा नंबर येईल. ती गाडी आली, दोनशे कट्टे तांदूळ भरला आणि गेली. भाऊंनी तो मेल केलाच नव्हता. शेठनी जुन्या ओळखीखातर पोलिसात भाऊंचं नाव घातलं नाही, पण सांगून टाकलं, अजून एक खेप अशी गेली तर आपला संबंध संपला.

"मिल गेली तं ऑफिस गेलं, ताई," भाऊ म्हणाले. "तिचंच काम ऐंशी टक्के. चार ड्रायव्हरची घरं आहेत यावर. भंगारवाल्याले सांगून ठेवलं मी. पयले तुलसाच विकावी लागन."

मी चमकून तुलसाबाईकडे पाहिलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "मी नोहो वं बाई. मांगं उभी आहे ते."

मग कळलं. गोंदिया जिल्हा नवीन झाला त्या वर्षी उदेलालबाबांनी पहिला ट्रक घेतला आणि त्याला बायकोचं नाव दिलं. चार वर्षांपूर्वी देवरीच्या पुढे अपघातात तिचा चेसिस वाकला. इंजिन काढून दुसऱ्या गाडीत घातलं, चाकं गेली. उरलेली तुलसा ऑफिसमागे विटांवर उभी होती. बाबा ती विकू देत नव्हते. दसऱ्याला पहिला हार तिला. आणि ऑफिसची एक रीत होती. कोणतीही गाडी मालाला निघाली की ड्रायव्हरनं मागे जायचं, तुलसाच्या बोनेटवर हात ठेवायचा, कुठं जातोय ते तिला सांगायचं आणि मगच स्टार्टर मारायचा.

"मले कधी विचारत नाई कोणी," तुलसाबाई म्हणाली. "सगळं तिलेच सांगतेत."

मी कॉम्प्युटर उघडला. "पासवर्ड तुम्हीच टाका," म्हणून तोंड फिरवलं, तर भाऊ टाइप करता करता मोठ्यानं बोलतच होते. "तुलसा, शून्य सात एक नऊ."

मी समोर पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुलसाचा फोटो, खाली ०७१९. दाराच्या पाटीवर ०७१९. बिलाच्या कागदावर ०७१९. चारही ट्रकांच्या मागे लाल रंगात 'तुलसा की सौगात ०७१९'.

"भाऊ!" माझा आवाज ढाब्यापर्यंत गेला असणार. "तुमचा पासवर्ड सुरतेपासून कलकत्त्यापर्यंत हायवेवर धावून राहिला! मागच्या गाडीवाल्यानं ब्रेक मारला तरी वाचता येतो!"

"शुभ नंबर आहे ना, ताई. या चौकात सगळ्यायचे असेच आहेत. पयल्या गाडीचा नंबर."

डोक्याला हात लावला मी. मग कामाला लागले. नवा पासवर्ड भाऊंनी एकट्यानं टाकला. मिलसाठी एक पद्धत ठरवून दिली. दर खेपेला एक शब्द. तो मेलवर लिहायचा नाही, भाऊंनी फोनवरून शेठला तोंडी सांगायचा, शेठनी गेटवरच्या मनिरामला. ड्रायव्हर शब्द सांगेल तो मनिरामनं रजिस्टरात लिहायचा. जुळला तर गाडी आत, नाहीतर परत. पुढच्या मंगळवारच्या खेपेचा शब्द आम्ही तिथंच ठरवला. करवंद.

उदेलालबाबा खाटेवरून हे सगळं बघत होते. ऐकायला कमी येत होतं, पण समजलं असावं. मी निघाले तशी काठी आडवी केली.

"तिले सांगतलं का?"

"कोणाला, बाबा?"

"तुलसाले. तिच्या नंबराचं कुलूप होतं, तं ती राखत होती. आता कुलूप बदलवलं तुवा. तिले काय मालूम कोणाले अडवाचं?"

मला एसटी गाठायची होती. म्हाताऱ्याशी वाद कोण घालणार! ऑफिसमागे गेले. गवतात विटांवर उभी ती. काचा नाहीत, दारं गंजलेली, जिथं इंजिन असायचं तिथून बोरीचं झाड वर आलेलं. बोनेटवर शेंदूर आणि कित्येक हातांनी गुळगुळीत झालेली जागा. मी हात ठेवला. पत्रा बर्फासारखा गार. ढाब्याची भिंत मध्ये असल्यानं तिथं सकाळचं ऊन येतच नव्हतं.

बाबा लांब कोपऱ्यावर काठी टेकून उभे होते. काहीतरी सांगणं भाग होतं. पण खरा शब्द मी भंगाराच्या ट्रकालाही सांगणार नाही, सवयच नाही. मी वाकले आणि कुजबुजत जे तोंडात आलं ते सांगून टाकलं. भुरकी. कामठ्याला लहानपणी आमच्या गोठ्यात म्हैस होती, तिचं नाव. तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, आणि आई गेल्यापासून ते नाव माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात असायचं कारण नव्हतं.

"सांगतलं?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं."

म्हातारा समाधानानं परत खाटेवर जाऊन बसला. एसटीत बसेपर्यंत मी ते विसरूनही गेले.

मंगळवारी दुपारी भाऊंचा फोन आला. काय बोलत होते तेच कळेना. हसत होते की रडत होते, देव जाणे.

"पकडले, ताई! मिलमध्येच पकडले! तुम्ही या. लवकर या."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि ऑटोनं थेट मिलवर गेले. पोलीस येऊन गेले होते. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची ओली, आंबूस वाफ अंगणभर भरून होती. नंदलालशेठ भाऊंच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. मला बघताच म्हणाले, "मॅडम, पूरा साल का काम योगराज को दिया मैंने. लिखकर दिया."

पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. पकडलेल्या ड्रायव्हरनं गेटवर शब्द बरोबर सांगितला होता. करवंद.

"भाऊ, शब्द मेलवर टाकला होता?"

भाऊंनी मान खाली घातली. सोमवारी शेठचा फोन लागत नव्हता, म्हणून टाकला. शेठनी त्याच मेलला 'ठीक है' असं उत्तर दिलं होतं, खाली भाऊंनी लिहिलेला शब्द तसाच. मी शेठच्या कॅबिनमधल्या कॉम्प्युटरवर भाऊंना मेल उघडायला लावला, सेटिंग तपासली. आलेल्या प्रत्येक मेलची प्रत भलत्याच एका पत्त्यावर आपोआप जात होती. चोरानं ती सोय आधीच करून ठेवली होती. पासवर्ड बदलल्यानं ती बंद होत नाही. हे मी पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं. चूक माझी होती. त्या चुकीपायी चार ड्रायव्हरांची घरं बसली असती, आणि मी भाऊंवर ओरडून, त्यांचा चहा पिऊन आले होते. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे ते बंद केलं आणि भाऊंना सगळं सांगितलं.

"जाऊ द्या ना, ताई," ते म्हणाले. "माल वाचला."

"पण वाचला कसा?"

भाऊंनी मनिरामकडे बोट दाखवलं. पन्नाशीचा, मफलर गुंडाळलेला माणूस. गेटवरच्या स्टुलावर बसूनच तो बोलला.

"सकारी धुकं लय होतं, बाई. सातले गाडी आली. शब्द बरोबर सांगतलन. म्या आत घेतली, माल भरला. ते बाहेर जायले पायते, तं गेटात दुसरी गाडी उभी. जुनी. कोहमाऱ्याचीच."

"ड्रायव्हर?"

"दिसला नाई. धुकं होतं ना. म्या शब्द विचारला. आतून बाईमानूस बोललं. कानात सांगते तसं, हळू."

"मग?"

"शब्द जुळला नाई. म्या म्हणलं, मांगं घे. घेतली नाई. हॉर्न नाई, काई नाई. उभीच. आतल्या भरल्या गाडीचा ड्रायव्हर शिव्या देऊन राहिला, हॉर्नवर हॉर्न मारून राहिला. दीड घंटा ती हाललीच नाई."

सव्वानऊला भाऊंचा खरा ट्रक आला होता. त्यांचा ड्रायव्हर खुमेंद्र शेजारीच उभा होता. त्यानंही करवंद सांगितलं, तेव्हा मनिरामच्या ध्यानात आलं, एका शब्दावर दोन गाड्या. त्यानं ओरडून हमाल बोलावले.

"आणि ती जुनी गाडी?" मी खुमेंद्रला विचारलं.

"मले कोणतीच गाडी नाई दिसली, मॅडम. गेट मोकळं होतं."

भाऊ माझ्याकडे बघेनात. हळूच म्हणाले, "रजिस्टरात नंबर पाहा."

पाहिला. मंगळवार, सात चाळीस. ०७१९.

मी स्वतःला समजावलं. हा नंबर भाऊंच्या प्रत्येक बिलावर छापलेला आहे. मनिराम तो रोज बघतो. धुक्यात एखादी भलतीच गाडी अडकली असेल आणि यानं सवयीनं तोच नंबर लिहिला असेल. बाई म्हणजे क्लीनरचा आवाज असेल. माणूस गडबडतो. मी अशी गडबड रोज दुरुस्त करते.

मग रजिस्टर मिटायच्या आधी माझं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं. शब्दाचा रकाना.

मनिरामच्या मोठ्या, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं.

भुरकी.

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"ती बोलली ते," मनिराम म्हणाला. माझ्याकडे टक लावून बघत राहिला. "आवाज तं तुमच्यावानीच होता, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं कोहमाऱ्याला गेले. चौकात शेकोट्या पेटल्या होत्या. ऑफिससमोर तुलसाबाई सगळ्यांना पेढे वाटत होती, भंगारवाल्यालासुद्धा, आणि तो हात हलवतच परत निघाला होता. उदेलालबाबांनी मला पाहिलं. काठी आडवी केली नाही. फक्त म्हणाले, "जा. वाट पाहून राहिली."

मागे गेले. गवतावर दव होतं. दव मोडलेलं कुठंच दिसलं नाही. विटा जागच्या जागी, बोरीचं झाड जागच्या जागी.

मी बोनेटवर हात ठेवला, वाकले आणि पुढच्या खेपेचा शब्द सांगितला. या वेळी खरा. आधी माफी मागितली. डोळ्यांत पाणी आलं, का ते विचारू नका.

मग हात काढला.

ऊन अजून ढाब्याच्या भिंतीपलीकडेच होतं. पत्रा कोमट होता.