वृंदाने बुजवलेलं दार

माणसाला चौदा महिने झोपवायचं म्हणजे नुसतं अंग गार करून भागत नाही, त्याला आत हिंडायला एक भुयार द्यावं लागतं. आता हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. शीतनिद्रेच्या सुरुवातीला मात्र बड्या बड्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हतं आणि त्याची फळं पहिल्या झोपाळूंनी भोगली. शरीरं ठणठणीत बरी होऊन उठली, पण माणसांना स्वतःच्या घरातली मोरी सापडेना!

त्याचं असं आहे, की मेंदूत स्थानपेशी नावाच्या पेशी असतात. आपण स्वयंपाकघरात गेलो की त्यातल्या काही चमकतात, ओसरीवर आलो की दुसऱ्या. डोक्यातला नकाशाच तो. वर्षभर हिंडणं थांबलं की हा नकाशा विरतो. म्हणून झोपेतही हिंडता येईल अशी एखादी जागा झोपाळूला द्यायची ठरली. आधी डोळ्यांवर चष्मे चढवून चित्रांतले महाल दाखवून पाहिले. तीन आठवड्यांत सगळे पुसले गेले. टिकलं ते फक्त ऐकलेलं, कारण नुसत्या शब्दांवरून माणूस मनात जी खोली स्वतः बांधतो ती त्याची होते. झालं! एकाने शब्दांनी भुयार रचायचं आणि बाकीच्यांनी टेबलाभोवती बसून, फासे टाकत त्यात हिंडायचं असा भुयारखेळ, ज्याला आजवर सगळे रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणत होते, तो थेट इस्पितळात शिरला आणि भुयारं रचणाऱ्यांना भुयारकार म्हणून नेमणुका मिळाल्या.

मिरजेबाहेरच्या निद्रागृहातली वृंदा आरवाडे ही अशीच एक भुयारकार, आणि हल्ली सगळ्यांत नावाजलेली. पण ती काही आईच्या पोटातून शिकून आली नव्हती. तिची पहिली भुयारं म्हणजे एका ओळीत दहा खोल्या आणि प्रत्येक खोलीत एक राक्षस. तिचा थोरला भाऊ श्रीरंग तिचा पहिला गडी. तो कपाळाला हात लावायचा. "वृंदे, हे भुयार आहे का कचेरी? या खिडकीवरून त्या खिडकीवर!" त्याच्या या कुरकुरीनेच ती घडली. वाटा वळवून पुन्हा पहिल्या चौकात आणायला शिकली, प्रत्येक दालनाला स्वतःचा वास द्यायला शिकली. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक दालनात काहीतरी लपवून ठेवायला शिकली.

आज सकाळी अकरा वाजता तोच श्रीरंग तिच्यासमोर खाटेवर पडला होता. त्याचं यकृत नव्याने उगवून आलं होतं, अंग परवाच उबदार झालं होतं, गालांवर रंगही चढला होता. फक्त तो जागा होत नव्हता.

"चारपर्यंत वेळ आहे," डॉ. नसीमा इनामदार म्हणाल्या. "उबदार अंगात मेंदू असा झोपून राहिला तर त्याला सूज चढते. चारनंतर मला त्यांना पुन्हा गार करावं लागेल."

"मग करा ना! पुन्हा चार दिवसांनी उठवू."

डॉक्टरांनी उशाशी बसलेल्या अनघावहिनीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दुसऱ्यांदा गार केलेला माणूस अजून एकही परत आलेला नाही, वृंदाताई."

वृंदा भिंतीकडं वळली. भिंतीवरच्या पडद्यावर तिच्याच हातचा नकाशा होता, त्रेचाळीस दालनांचा, आणि त्यावर एक हिरवा ठिपका सरकत होता. कुठल्या दालनात कुठल्या पेशी चमकतात हे झोपवण्याआधीच टिपून ठेवतात, त्यामुळे झोपाळू आत्ता आत कुठं आहे ते बाहेर दिसतं. तो ठिपका म्हणजे दादा.

"प्रत्येक भुयाराला उजेडाचं दार असतं," डॉक्टर सांगू लागल्या. "अंग तापलं की झोपाळू आपोआप त्या दाराकडं चालू लागतो. बाहेर पडला की जागा होतो. हे तीनदा दारापाशी आले आणि तीनदा मागं फिरले. का, ते तुम्हीच सांगा. भुयार तुमचं आहे."

वृंदाला आठवलं आणि तिने तोंडावर हात धरला.

झोपवण्याआधी भुयार मनात मुरावं म्हणून चाललेल्या खेळाचा शेवटून दुसरा दिवस होता. दादाने हसत हसत सांगितलं होतं, "तुझं भुयार मला पाठ झालंय गं. हा निघालो मी बाहेर." तिला ते झोंबलं. आणि नामुष्की टाळायला मुरलेला भुयारकार जे करतो तेच तिने केलं, मागची वाट बंद केली. "तू दाराशी पोचतोस तोच धडाड आवाज होतो. दरड कोसळते. दार बुजलं!" दादा खूश होऊन पुन्हा आत वळला. उद्या दरड काढू, असं तिने मनाशी ठरवलं. पण त्या संध्याकाळीच त्याला ताप भरला आणि डॉक्टरांनी घाईघाईने त्याला झोपवलं. दरड राहिली ती राहिलीच. वहीतल्या नकाशात तिने ती दाखवलीसुद्धा नव्हती.

"मीच बुजवलं, वहिनी," ती रडवेली होऊन म्हणाली. "माझ्या हाताने!"

"रडायला जन्म पडलाय," अनघावहिनी म्हणाल्या. चौदा महिने वाट पाहून त्यांचे डोळे कोरडे पडले होते. "आधी त्यांना बाहेर काढ."

वृंदा भावाच्या कानाशी वाकली. झोपाळूचे कान उघडे असतात, आणि भुयारकाराचा आवाज आतपर्यंत पोचतो. "दादा, दरड हटलीय. दार मोकळं आहे."

ठिपका दारापर्यंत आला. थांबला. मागं फिरला.

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याचाच नियम आहे. एकदा सांगितलेलं फिरवायचं नाही. मी बारा वर्षांची असताना त्याने माझ्याकडून वदवून घेतला होता. त्याला वाटतंय, हा फसवा आवाज आहे."

साडेबारा वाजले. मग वृंदाने दुसरी युक्ती काढली, आणि ती करताना तिचा जीव तीळतीळ तुटला. जे भुयार दादाला सोडवेना, ते टाकाऊ करायचं, म्हणजे कंटाळून तो स्वतःच दरड उपसून बाहेर पडेल. वीस वर्षांत कमावलेली सगळी कला उलटी फिरवायची. ती एकसुरी आवाजात सांगत गेली. "दालन रिकामं आहे. वास नाही. पुढचं दालन. रिकामं आहे. पुढं सरळ बोळ. बोळात काही नाही." दिलेलं ती फिरवत नव्हती, एकेक गोष्ट संपवत होती. दिवे विझवले, झरे आटवले, तिजोऱ्या चोरांकडून लुटवल्या. दोन तास तिने आपल्या हाताने आपलं घर धुऊन नेलं. ठिपका खोलीखोलीतून रेंगाळत राहिला. कंटाळला असावा. वृंदाला आशा वाटू लागली.

आणि अडीचच्या सुमारास ठिपका नकाशाच्या बाहेर गेला.

"हे कुठलं दालन?" डॉक्टर उठून पडद्याजवळ गेल्या. "इथं नव्याच पेशी चमकतायत."

"माझ्या नकाशात नाही ते."

"मग?"

"तो खणतोय," वृंदा म्हणाली. "मी रिकामं केलं म्हणून तो स्वतःच पुढं बांधतोय."

बघता बघता पडद्यावर आणखी दोन दालनं उमटली. ती दारापासून लांब, खाली खाली चालली होती. डॉक्टरांच्या मागच्या, मेंदूची सूज दाखवणाऱ्या यंत्राची सुई पिवळ्या पट्ट्यात शिरली होती. सव्वातीन वाजले.

"माझ्याकडं आता एकच उपाय आहे," वृंदा म्हणाली. "तो बाहेर येत नाही ना, तर त्याच्या बोगद्यालाच ही खोली जोडते. पुढचं दालन म्हणून."

"नको!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. "भुयार संपलं, असं मेंदूला कळावं लागतं. दार त्यासाठीच असतं. हे जग तुम्ही भुयाराला जोडलंत तर त्यांच्या मेंदूच्या लेखी भुयार संपणारच नाही. पुढं काय होईल मला खरंच माहीत नाही. असं कुणी केलेलं नाही."

"आणि चार वाजले तर काय होईल, ते माहीत आहे?"

डॉक्टर यंत्राच्या सुईकडं वळल्या. वृंदाने वहिनीकडं पाहिलं.

"आण बाई," अनघावहिनी म्हणाल्या. "कसाही आण. अर्धा आण, पण आण!"

वृंदा पुन्हा वाकली. या वेळी तिने काहीही हातचं राखून ठेवलं नाही. "दादा, तुझी पहार पोकळ भिंतीवर लागते. पलीकडं एक दालन आहे, तू कधीच न पाहिलेलं. औषधांचा वास येतोय. कुठंतरी काहीतरी टिकटिकतंय. मधोमध खाट आहे आणि खाटेवर जो झोपलाय त्याचं तोंड हुबेहूब तुझ्यासारखं आहे. उशाशी एक बाई बसलीय. ती तुझीच वाट बघतेय." ठिपका थांबला होता. हलत नव्हता. अजून काहीतरी हवं होतं. तिला तिची विद्या आठवली. "आणि दादा, ती काहीतरी लपवतेय."

ठिपका विझला. श्रीरंगने डोळे उघडले.

अनघावहिनींच्या कोरड्या डोळ्यांना तेव्हा कुठं पाणी आलं. डॉक्टरांनी धावत जाऊन नाडी पाहिली, बुबुळं पाहिली, नाव विचारलं, गाव विचारलं. सगळं बरोबर आलं. सुई खाली उतरली. वृंदा भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

"पुढं?" श्रीरंग म्हणाला. तो तिच्याकडं पाहत होता.

"पुढं काय, दादा? आलास तू. संपलं."

"ती काय लपवतेय?"

"काही नाही रे. अनघावहिनी आहेत त्या. तुझी बायको."

"ते दिसतंय मला." त्याने बायकोचा हात हातात घेतला. वहिनी त्याचा हात गालाशी न्यायला झुकल्या, तोच त्याने त्यांचा हात उलटा केला, बोटं एकेक करून उघडली, बांगड्यांच्या आत पाहिलं. काही सापडलं नाही. त्याने हात जागच्या जागी ठेवून दिला, अगदी सभ्यपणे. मग खाटेवरून पाय खाली सोडले आणि लटपटत भिंतीपाशी जाऊन ती ठोकून पाहू लागला.

"अहो," वहिनींनी हाक मारली. "पोरं संध्याकाळी येणार आहेत तुम्हाला भेटायला." त्याने मान डोलावली आणि कान भिंतीला लावला. "भरीव आहे," तो स्वतःशीच पुटपुटला. "वृंदे, एवढंच आहे का हे दालन?"

डॉक्टरांनी खाली मान घातली.

अनघावहिनी उठून वृंदाजवळ आल्या, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि तिचा दंड घट्ट धरला. "त्यांना सांग ना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी लपवतेय म्हणून सांग."

"काय लपवताय, वहिनी?"

"ते तूच ठरव. तुला जमतं ते. पण एवढं मोठं लपव, की त्यांना जन्मभर पुरेल."