त्याच्या वाटणीचं ‘हं’

कानांशी माझा रोजचा संबंध. कानाच्या दवाखान्यात मी ऐकण्याची यंत्रं बसवते. आलेल्या माणसाला बंद खोलीत बसवायचं, बारीकसा आवाज सोडायचा आणि विचारायचं, ‘आला? कुठल्या बाजूने आला?’ निम्मं आयुष्य त्यातच गेलं. त्यामुळे ‘तुला भास झाला असेल’ असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. तुम्ही तसं म्हणू नका. नुसतं ऐका आणि मधूनमधून ‘हं’ म्हणा.

त्या दुपारी मी डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आत्याकडे गेले होते. आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं आणि आम्हा सगळ्यांना धारेवर धरलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. दुसऱ्याने आधीपासूनच दिसत नव्हतं. उजेड सोसत नाही म्हणून भर दुपारी पडदे ओढलेले. पण मला काळजी डोळ्यांची नव्हती. आत्या विसरायला लागली होती. चष्मा फ्रीजमध्ये ठेवायची, मला बाबांच्या नावाने हाक मारायची. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आमच्या घरातल्या एका गोष्टीचा शेवट फक्त तिच्याकडे होता.

गोष्ट माझ्या पणजीची. पूर आला तेव्हा ती पोरांना होडीत घालून निघाली. कंदील विझला, काळोख मिट्ट. दोन्ही हात वल्ह्यांवर, पोरं दिसेनात. मग तिने सांगितलं, एकेकाने ‘हं’ म्हणत राहायचं, म्हणजे सगळी आहेत हे मला कळेल. तेव्हापासून आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं असतं. ‘हं’ थांबलं की पोर झोपलं समजायचं आणि सांगणाऱ्याने थांबायचं. तर गोष्टीत होडी मध्यावर आली, आणि एक ‘हं’ आलं नाही. आम्हाला ठाऊक होतं ते इथपर्यंतच; पुढचं पणजीने फक्त आत्याला सांगितलं होतं.

आत्या लहान असताना तिने ही गोष्ट सगळ्यांत धाकट्या भावाला सांगितली होती. बारक्याला. तो तापाने पडून होता. नेमक्या याच ठिकाणी त्याचं ‘हं’ थांबलं. झोपला असेल म्हणून ती पांघरूण घालून उठली. सकाळी बारक्या उठला नाही. पुढे आत्याने कुणालाच शेवट सांगितला नाही. “आधी तो ऐकेल, मग तुम्ही,” एवढंच म्हणायची. बाबांनी किती विनवण्या केल्या! बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांना सवय. मोठे झाल्यावरसुद्धा घसा खाकरून विचारायचे, “ताई, मग?” ती ढिम्म. शेवट न ऐकताच बाबा गेले. आता माझी लेक विचारायची, त्या पोराचं पुढे काय झालं? मी काय सांगणार, कपाळ!

म्हणून त्या दुपारी मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो तिच्या उशीजवळ ठेवला.

“आत्या, पुराची सांग. शेवटापर्यंत.”

“तू नीट ‘हं’ म्हण. मेलं ते फोनमध्ये डोकं घालून बसू नकोस.”

ती सांगू लागली. मी ‘हं’ म्हणत होते. तेवढ्यात बेल वाजली. औषधाच्या दुकानातला माणूस राहिलेल्या गोळ्या घेऊन आला होता. मी पावलं न वाजवता दाराशी गेले, गोळ्या घेतल्या आणि परतले. ‘हं’ नाही म्हणजे ती थांबली असणार, असं धरून चालले होते.

ती थांबली नव्हती.

“...वल्ही जड झाली. पाऊस तोंडावर मारत होता.”

“हं.”

मी खोलीच्या दारातच थिजले. आवाज बारीक, तापाने कोरडा पडलेला. माझ्या खुर्चीकडून नव्हे, पलंगाच्या पायथ्याकडून आलेला. लहान पोरांच्या छातीला चोळतात तसल्या तेलाचा वास खोलीत भरून राहिला होता. माझ्या तोंडून हाक निघणारच होती. पण मी बोलले असते तर ती थांबली असती. मी हाताने तोंड दाबून धरलं.

“आणि मग... एक ‘हं’ आलं नाही,” आत्या म्हणाली. आणि गप्प झाली.

पंखा फिरत होता. संपलं, मला वाटलं. परत तिथेच.

“मग?” पायथ्याशी कुणीतरी विचारलं.

आत्याने पायथ्याकडे मान वळवली. “जागा आहेस...?”

“हं.”

“तेव्हाही... जागा होतास?”

मग अगदी हळू, “हं.”

“मी उठायला नको होतं रे, राजा,” आत्या म्हणाली. पट्टीखालून पाणी गालावर आलं. दारात मीही रडत होते. भीती होतीच, पण ती मागे राहिली होती.

“ऐक. तिने वल्हं सोडलं आणि अंधारात हात फिरवला. तर ते पोर तिच्या पायाशीच गाढ झोपलेलं! तिने त्याला उठवलं नाही. पण बाकीची पोरं घाबरली असती ना... म्हणून काठ येईपर्यंत त्याच्या वाटणीचं ‘हं’ तीच म्हणत राहिली. संपली गोष्ट. झोप आता.”

‘हं’ आलं नाही. आत्या चाचपडत पुढे वाकली, पायथ्याशी घडी करून ठेवलेलं पांघरूण तिने उलगडून पसरलं आणि थोपटत राहिली. पांघरूण सपाट पडलं नव्हतं.

“ये आता आत,” थोड्या वेळाने ती मला म्हणाली. “उभं राहून पाय दुखले असतील.”

त्यानंतर ती भराभर विसरत गेली, मलाही विसरली, आणि एक दिवस शांतपणे गेली. रेकॉर्डिंगमध्ये ते ‘हं’ ऐकू येतं. नवरा म्हणतो, तुझाच आवाज आहे. मी वाद घालत नाही.

परवा सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून मी लेकीला पहिल्यांदाच पूर्ण गोष्ट सांगायला बसले. होडी मध्यावर आली, एक ‘हं’ आलं नाही, आणि लेकीचंही थांबलं. वाकून पाहिलं, श्वास संथ चालू होता. झोपली होती शहाणी. नियमाप्रमाणे मी थांबले.

तेव्हा पायथ्याशी कुणीतरी घसा खाकरला.

“हं,” जाड, ओळखीचा आवाज आला. “मग?”

कुठल्या बाजूने आला, ते मला कुणी शिकवायला नको. मी वळून पाहिलं नाही.

“सांगते, बाबा,” मी म्हणाले. लेकीच्या पायाशी गादी हळूच दबली.