शेलवडीतली शांतता

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी जमीन हादरली आणि दोनच मिनिटांत भूकंप केंद्राचं संकेतस्थळ कोसळलं. नऊ लाख लोक एकाच वेळी तिथे धडकले होते.

"साध्या पानावर माघार घेतो," संगणक अभियंता इरफान मुलाणी म्हणाला. नकाशे, छायाचित्रं, जुन्या नोंदी त्याने संकेतस्थळावरून भराभर काढून टाकल्या. मागे उरलं एक साधं पान: 'भूकंप झाला आहे. मोकळ्या जागेत थांबा. हे पान उघडं ठेवा. नवी माहिती इथेच येईल.' एवढं पान मात्र प्रत्येकाला मिळू लागलं.

केंद्राच्या संचालक डॉ. हेमलता बोकील मोठ्या पडद्यावरच्या नकाशासमोर उभ्या होत्या. पान उघडणारा प्रत्येक फोन त्यावर लाल ठिपका होऊन उमटे. या पद्धतीला त्या 'जनकंपमापक' म्हणत. माणूस हादरला की आधी फोन उघडतो. यंत्रांपेक्षा माणसं दाट पसरलेली असतात.

धरणाखालचं तांबनदीचं सगळं खोरं लाल झालं होतं. मध्येच शेलवडीवर पांढरा डाग होता.

"तिथे धक्का जाणवला नसेल," बोकील म्हणाल्या.

इरफान कळफलकाकडे वळला. घाईत आपणच ते गाव तोडलं की काय? त्याने नोंदी उघडल्या.

"मॅडम, तिथून संकेतस्थळावर अकराशे लोक आले होते. साधं पानही पोचलं होतं त्यांना. अकरा चौदाला सगळे एकदम बंद."

"वीज गेली असेल."

"वीज गेली तर फोन लगेच मरत नाहीत. टॉवरलाही बॅटरी असते."

बोलता बोलता शेलवडीखालचं म्हासोडी पांढरं झालं. वेळ अकरा बावीस. दोन्ही गावं नदीकाठची. मधलं अंतर चार किलोमीटर.

बोकील यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "इरफान, शांतता सरकतेय. नदीबरोबर. धरण फुटलंय."

पुढचं गाव कुंभळे. तेवढंच अंतर, म्हणजे जेमतेम आठ मिनिटं. तिथे सहाशे चाळीस ठिपके होते.

बोकील यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. इरफानने नदीकाठच्या साऱ्या गावांसाठी पानावर एकच ओळ ठेवली: 'धरण फुटलं आहे. नदी सोडा. टेकडीवर पळा. आत्ता.'

ठिपके जागचे हलले नाहीत. एक मिनिट गेलं.

"वाचा ना!" इरफान पडद्यावर ओरडला.

मग एक ठिपका हलला, त्यामागे दहा, आणि मग सारं गावच टेकडीकडे ओघळू लागलं. अकरा तिसाला मात्र उरलेसुरले सगळे ठिपके एका क्षणात विझले. टॉवर गेला होता. कोण पोचलं, कोण राहिलं, सांगायला पडद्यावर काही उरलं नाही. दोघं नुसती त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिली.

दुपारी हेलिकॉप्टरमधून वैमानिकाचा आवाज आला.

"शेलवडी, म्हासोडी... काही नाही, मॅडम. सगळा चिखल आहे. कुंभळ्यातही एक घर उभं नाही. टेकडीवर मात्र उतरायला जागा मिळत नाहीये. माणसंच माणसं आहेत."